ओढ्याच्या काठासाठी निरगुडीची रोपं: घ्या, पण पान उलटं करून बघा

आधी निकाल सांगते, उणंदुणं मागून. शेताकडेचा ओढा काठ खात असेल आणि डोंगळ्यांवर, म्हणजे बियाण्याच्या कांद्याच्या फुलांवर, मधमाशी कमी दिसत असेल, तर निरगुडी लावा. नर्सरीतली पंचवीस रुपयांची रोपं पहिल्या खेपेपुरती ठीक आहेत, पुढची निरगुडी फुकट होते. रोपं कुठून घेतली ते लिहीत नाही, कारण त्या माणसाचं मला निम्मं कौतुक आहे आणि निम्मा राग.

आमचं शेत निफाड तालुक्यात, कादवा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याला लागून. जमीन काळी. काळ्या जमिनीचं कौतुक सगळे करतात, पण ओढ्याच्या कडेला ती कशी वागते ते कडेला राहणाऱ्यालाच माहीत. उन्हाळ्यात काठापासून हात-दोन हात आत लांबट भेगा पडतात. पहिला मोठा पाऊस त्या भेगांत शिरतो, माती फुगते, जड होते आणि खालून ओढ्यानं पोखरलेलीच असते. मग आख्खा तुकडा बांधावरच्या गवतासकट खाली बसतो. त्यात मधल्या काळात ओढ्याचं खोलीकरण झालं. पाणी थांबलं, विहिरींना उतरलं, तो फायदा मी नाकारत नाही. पण पोकलेननं काठ सरळसोट उभे कापून ठेवले आणि काळी माती उभी राहत नसते. 2019 च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला तेव्हा बातम्यांत नाशिकचा गोदाकाठ दिसत होता. आमच्याकडे कॅमेरा कोण आणणार? कांद्याच्या वाफ्यांचा एक पट्टा ओढ्यात गेला, एवढंच. ती माती कादवेतून खाली नांदूरमधमेश्वरला गेली असणार. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या त्या बंधाऱ्यात असाच गाळ साचत साचत पाणथळ झाली, पक्षी आले, आणि 2019 सालीच ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. चांगलंच आहे. पण पक्ष्यांना माझ्याच वाफ्यातली माती कशाला?

काठासाठी आधी इतर पर्याय पाहिले होते. तारजाळीत दगड भरून भिंत करायची तर ठेकेदारानं सांगितलेला आकडा लाखाच्या घरात होता, तोही ओढ्याच्या एका वळणापुरता. बांबू लावा म्हणणारे खूप भेटतात. बांबूची मुळं दाट असतात, पण फार खोल जात नाहीत. काठ खालून पोखरला गेला की बेटच्या बेट आडवं होतं आणि ओढ्यात अडकून पाणी समोरच्या काठावर ढकलतं. शेजाऱ्याशी भांडण हवं असेल तर बांबू लावा. वाळा उत्तम आहे, त्याची मुळं सरळ खोल उतरतात, माती धरण्यात त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वाळा गवत आहे, त्यावर माशीला मध मिळत नाही. आणि मला माशी हवी होती.

आमच्याकडे उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बी, घरीच धरतात. निवडक कांदा दिवाळीच्या आसपास लावायचा, जानेवारी-फेब्रुवारीत डोंगळे फुलतात, उन्हाळ्याच्या तोंडाला बी काढायचं. डोंगळ्याच्या एका गेंदात शेकडो फुलं असतात, पण फुलातले पराग आधी झडतात आणि त्याच फुलाची मादी बाजू नंतर तयार होते. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून यायला लागतो, आणि तो आणते माशी. माशी नसली तर गेंद बाहेरून भरलेला दिसतो, चोळला की हातात फोलपट येतं. कांद्याचं फूल माशीला फारसं आवडतही नाही, त्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं. त्यामुळे जवळपास माश्या मुळात भरपूर असाव्या लागतात, तेव्हा कुठे चार डोंगळ्यांकडे वळतात. आमच्या आजूबाजूला सगळी द्राक्षं. द्राक्षाला माशी लागत नाही, फवारणी मात्र सतत लागते. माशी जगली काय नि मेली काय, बागाईतदाराचा घड काही कमी होत नाही. भाड्यानं मधमाश्यांच्या पेट्या आणता येतात, आम्ही आणल्यातही. पण फुलोऱ्यापुरत्या आणायच्या आणि नंतर परत पाठवायच्या, दरवर्षी तेच भाडं. जी माशी वर्षभर आपल्याच काठावर राहते तिला भाडं नाही, तिला फक्त वर्षभर खायला पाहिजे.

निरगुडी नव्यानं ओळख करून द्यावी अशी वनस्पती नाही. सांध्याला शेकायला पाला, बाळंतिणीच्या न्हाणीत पाला, पिकावर फवारायच्या दशपर्णी अर्कात पाला, धान्याच्या कोठीत पाला. तिच्या फोकांच्या कणग्या विणायचे, कुडाच्या भिंतीत फोक घालायचे. फक्त सध्या कुणाच्या बांधावर ती राहिली नाही, कारण बांधच राहिले नाहीत. आमच्या ओढ्याला निरगुडीच्या जागी बेशरमी माजली होती. बेशरमीही कांडीवर लागते, शेळ्या तोंड लावत नाहीत, फुलंही येतात, मग ती का नको असं मला पुष्कळांनी विचारलं. बेशरमी दक्षिण अमेरिकेतून आलेली, ती काठावर थांबत नाही. पाण्यात उतरते, ओढा भरून टाकते, तिच्यात प्लास्टिक आणि कचरा अडकतो, पुराला वाट मिळत नाही आणि पाणी शेतात चढतं. निरगुडी पाण्यात उतरत नाही. हा तिचा गुण आहे आणि तोच तिचा दोषही, त्याबद्दल पुढे सांगते.

तर नर्सरी. मालक बोलका, माणूस रोपांत वाढलेला. मी निरगुडी मागितली तर हसलाच.

"ताई, निरगुडी कोण विकत घेतं? आंबा बघा, केसर आलाय."

"भाऊ, मला दीडशे पाहिजेत."

"दीडशे! मग आहेत की."

शोभेच्या झाडांच्या मागे, नळाजवळ, त्याच्याकडे खरंच निरगुडी होती. सोबत सल्ला मिळाला: "कुठंबी लावा, मरत नाही." दर पंचवीस, दीडशे घेतली म्हणून टेम्पोचं भाडं त्यानं निम्मं सोसलं. मातीचं मिश्रण चांगलं होतं, पोयटा आणि शेणखत, नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नव्हे. हल्लीच्या नर्सऱ्यांत हे मोठं आहे, कारण कोकोपीटमधलं रोप काळ्या जमिनीत लावलं की पाणी त्या गड्ड्यात थांबतं आणि मुळं बाहेर पडायला मागत नाहीत. इथपर्यंत त्याला पैकीच्या पैकी.

सासूबाईंनी टेम्पो उतरताना पाहिला. "निरगुडी विकत? उद्या माती विकत आणशील."

मी म्हटलं, "आत्या, माती जाऊ नये म्हणूनच आणलीय." पण त्यांचा मुद्दा बरोबर होता, आणि रोपं उतरवून घेताना पहिला खोट त्यांनीच पकडला. एक पिशवी उचलून त्यांनी पान उलटं केलं नि म्हणाल्या, ही निरगुडी नाही.

हे नीट सांगते, कारण विकत घेणाऱ्याला एवढंच कळलं तरी पैसे वसूल. खऱ्या निरगुडीला एका देठावर तीन किंवा पाच पानं, लांबट, टोकदार, मधलं सगळ्यात मोठं. वरून हिरवं, खालून पांढुरकं, राखेचं बोट फिरवल्यासारखं. कोवळी फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. चुरगळलं की तो औषधी उग्र वास, जो आपल्या सगळ्यांच्या लहानपणात कुठेतरी आहे. दीडशेतल्या पंधरा-वीस पिशव्यांत जे होतं त्याची पानं खालून जांभळी होती. ती निरगुडीच्याच कुळातली शोभेची जात, बंगल्यांच्या कुंपणाला लावतात. दिसते सुरेख. पण मूळ समुद्रकाठची, आणि मला जांभळं पान दाखवून ओढ्यावर छाप पाडायची नव्हती. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, तीही निरगुडीच, भारीतली." बदलून द्यायला तयार, पण टेम्पो आमचा. राग तिथला आहे. ती रोपं शेवटी घरापुढच्या फाटकाला लावली.

दुसरी तक्रार मुळांची. पिशवी फाडल्यावर बऱ्याच रोपांची मुळं तळाशी गोल गोल फिरलेली निघाली, म्हणजे रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं. अशी मुळं तशीच लावली तर जमिनीतही गोलच फिरत राहतात, आणि काठासाठी आपल्याला मूळ बाहेर, आडवं आणि खोल जाणारं हवं असतं. कात्रीनं तळाचं वेटोळं कापून लावली, तगली.

आता तो "कुठंबी लावा" सल्ला. आम्ही काठ आधी थोडा तिरपा करून घेतला, उभ्या काठावर काहीच टिकत नाही. मग तीन पट्टे: पाण्याच्या पातळीलगत, मधल्या उतारावर आणि वरच्या कडेला. सगळ्यात खालच्या पट्ट्यात पावसाळाभर पाणी साचून राहिलं. तिथली निरगुडी पिवळी पडली, पानं गळाली, आणि पोळ्याच्या सुमाराला बहुतेक गेली. निरगुडीला ओलावा आवडतो, पाय पाण्यात ठेवून उभं राहणं आवडत नाही. पूर आला, दोन दिवस बुडाली, काही बिघडत नाही, चिखल झटकून उठते. पण कायम पाणी नको.

त्या जागेची झाडं वेगळी. एक वाळुंज: नदीकाठचं आपलं जुनं झाड, कांडी रोवली की फुटते, पाणी मुळांशी असलं तरी तक्रार नाही, आणि थंडीत त्याला तुरे येतात तेव्हा माश्या पराग न्यायला येतात. पण ते झाड आहे, झुडूप नाही, त्याला जागा द्यावी लागते. दुसरी शेरणी. ती वाहत्या पाण्यातल्या दगडांत मुळं रुतवून बसते, पूर आला की फांद्या आडव्या होतात, ओसरला की पुन्हा उभ्या. नर्सरीत दोन्ही मागितली. वाळुंज "ऑर्डर द्या, बघू" आणि शेरणीचं नाव ऐकून "ताई, वाघीण पाहिजे का" असा विनोद. म्हणजे पाण्याच्या रेषेवर लावायचं देशी झुडूप मागायला गेलात तर रोपवाटिकेत सध्या काहीही मिळत नाही. हा या धंद्यातला खरा उणेपणा. गुलमोहर हवा तेवढा घ्या.

वाळुंजाच्या कांड्या शेवटी ओळखीच्या एका मळ्यातून आणल्या, पायथ्याला दगड रचून मधून मधून रोवल्या. वरच्या दोन पट्ट्यांत निरगुडीच.

आणि निरगुडीनं त्या दोन पट्ट्यांत काम केलं. पहिल्या पावसाळ्यात काही दिसलं नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर शिव्या द्याल. पहिल्या वर्षी ती वर वाढत नाही, खाली वाढते. दुसऱ्या पावसाळ्यात फुटवे धरले, गुडघ्याच्या वर गेली, आणि ज्या तुकड्यावर ती होती तिथे भेगा पडल्या तरी काठ बसला नाही. शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर पूर्वीसारखाच बसला. पूर ओसरल्यावर बघितलं तर तिच्या बुंध्याशी वरून वाहून आलेला गाळ बोटभर साचलेला. फांद्या पाण्याचा वेग मोडतात, पाणी मंदावलं की गाळ टाकतं. म्हणजे गेलेली माती नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी माती मला मिळाली. वरच्यांनी माफ करावं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. नेपाळात डोंगरी रस्त्यांचे उतार सावरायला हीच निरगुडी, तिकडे तिला सिमली म्हणतात, फोक रोवून ओळीनं लावतात. आणि म्हणूनच म्हटलं की रोपं एकदाच घ्या. पुढच्या वर्षी छाटणी कराल तेव्हा अंगठ्याएवढ्या जाडीचे, दोन-अडीच फुटांचे फोक काढा. बुडाचं टोक तिरकं कापा, शेंड्याचं सरळ, म्हणजे उलटसुलट होत नाही. पहारीनं भोक पाडून काठात थोडे तिरपे रोवा, दोन भाग आत, एक भाग बाहेर, आणि भोवतीची माती टाचेनं दाबा, आत पोकळी राहिली तर फोक वाळतो. अंतर दीड-दोन फूट, वरची ओळ खालच्या ओळीच्या मोकळ्या जागेसमोर. मृग बरसून जमीन खोलवर ओली झाली की लगेच, मोठे पूर यायच्या आधी. आमच्या काठावरची दुसरी खेप सगळी अशीच आहे, आणि खरं सांगायचं तर ती विकतच्या रोपांपेक्षा घट्ट बसली, कारण फोक पहिल्या दिवसापासूनच खोल असतो.

माशीचं बघा. पावसाळा हा आपल्याकडे माशीचा उपासाचा काळ. पेट्या पाळणारे तेव्हा साखरेचा पाक देतात. निरगुडीला आमच्याकडे पावसाळ्यातच तुरे यायला लागतात, भाद्रपद-अश्विनात बहर, आणि ओढ्याच्या ओलाव्यानं थोडी फुलं थंडीपर्यंत रेंगाळतात. फूल करंगळीच्या नखापेक्षा लहान, निळसर जांभळं, खालची पाकळी मोठी आणि पुढे आलेली. माशी त्या पाकळीवर उतरते, डोकं आत खुपसते, आणि फुलाबाहेर डोकावणारे पुंकेसर तिच्या डोक्याला पाठीला घासतात. सकाळी दहाच्या सुमाराला काठावर उभं राहिलात तर सातेरी नि फुलोरी या मधमाश्या आणि मोठे काळे भुंगे असे तिन्ही एका झुडपावर दिसतात. भुंगा बसला की आख्खा तुरा वाकतो. आग्या माश्या कधीमधी, त्यांचं काही आपल्या हातात नाही.

मागच्या थंडीत तर फुलोरीनं निरगुडीतच पोळं धरलं. तळहाताएवढं, एकच पोळं, फांदीला गुंडाळून लटकवलेलं. जवळ जाऊन पाहिलं तर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकासारखा पट्टा लावलेला. मुंग्या येऊ नयेत म्हणून फुलोरी हा पट्टा घालते. मुंगळ्यांची रांग पट्ट्यापर्यंत यायची आणि तिथून परत फिरायची. माझा मुलगा शाळा बुडवून तेच बघत बसला होता.

डोंगळ्यांना फरक पडला का? पडला, पण सगळं श्रेय निरगुडीला देणार नाही. त्या वर्षी भाड्याच्या पेट्या नेहमीपेक्षा कमी आणल्या आणि गेंद तरीही भरले. ओढ्याकडच्या वाफ्यांत चांगले भरले, रस्त्याकडच्यांत बेताचे. हवाही चांगली होती, धुकं नव्हतं. शिवाय फुलोऱ्यात आम्ही फवारणी बंद ठेवली, आणि ओढ्याला लागून ज्यांची द्राक्षं आहेत त्या काकांना सांगून ठेवलं की मारायचं असेल तर दिवस मावळल्यावर मारा. काका कुरकुरले, पण ऐकलं. माझ्या मते हिशेब असा की निरगुडी डोंगळ्यांच्या वेळी कामाला येत नाही, ती त्याआधीचे भुकेचे महिने निभावून नेते. जानेवारीत तिचा बहर संपत आलेला असतो, म्हणून ती कांद्याशी स्पर्धाही करत नाही. हा तिचा गुण मला कुठल्याच नर्सरीवाल्यानं सांगितला नव्हता.

काठावर सगळीकडे गच्च लावू नका, वरच्या बाजूला उन्हाची, उघड्या मातीची थोडी जागा ठेवा. जमिनीत बिळं करून एकेकट्या राहणाऱ्या छोट्या माश्या असतात, त्यांना झुडूप नको, ऊन लागलेली माती हवी असते. पुराची रेषा सोडून मात्र.

तोटे आहेतच. वर्षातून एकदा छाटावीच लागते, नाहीतर दोन ओळी पीक सावलीत जातं. छाटलेला पाला दशपर्णीत खपतो, पण मजुरी लागतेच. बांधावर झुडूप वाढलं की साप होतात अशी गावात ओरड असते. साप ओढ्याला आधीही होते, आता झुडपातून जातात इतकंच, पण बायका गवत कापायला तिकडे जायला कचरतात, आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही. शेळ्या खात नाहीत हे खरं, म्हशी मात्र अंग घासतात आणि नवीन फोक मोडतात, पहिल्या वर्षी काट्या लावाव्या लागल्या. आणि जिथे ओढा वळणावर जोरात आदळतो तिथे नुसत्या निरगुडीवर विसंबू नका, पायथ्याला दगड लागतोच. झुडूप दगडाच्या वरची माती धरेल, दगडाचं काम करणार नाही.

खर्च: रोपं पावणेचार हजार, टेम्पोचं आमच्या वाट्याचं भाडं, काठ तिरपा करायला जेसीबीचे दोन तास, आणि रोवणीची मजुरी. दुसऱ्या खेपेला फक्त मजुरी.

नर्सरीत जाणार असाल तर ज्येष्ठात जा, तेव्हा रोपं ताजी भरलेली असतात. आषाढानंतर उरलेली असतात, आणि उरलेल्यांचीच मुळं फिरतात. पिशवीचा तळ बघा, मूळ बाहेर आलेलं असेल तर ठेवून द्या. मोठं रोप मागू नका, वीतभर-हातभर बस. पान उलटं करा, पांढरं असेल तर घ्या, जांभळं असेल तर भाऊंना नमस्कार करा. पन्नासच्या वर घेणार असाल तर वीस रुपयांनी मागा, देतात. आणि वाळुंज, शेरणी मुद्दाम विचारा. नाही म्हणतील, तरी विचारा. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर पुढच्या वर्षी चार पिशव्या भरतील. माझ्या भाऊंनी वाळुंजाच्या कांड्या माझ्याकडूनच मागवल्यात, दर अजून ठरायचाय.